बायसनच्या वाटेवरचं क्लोव्हर

गुरांना घालतात ती बरसीम आपल्या ओळखीची. एका हंगामात तिचं आयुष्य संपतं. तिचंच एक बहुवर्षायू रानटी भावंड अमेरिकेत ओहायो नदीच्या खोऱ्यात वाढतं. त्याचं नाव ‘रनिंग बफेलो क्लोव्हर’, शास्त्रीय नाव ट्रायफोलियम स्टोलोनिफेरम.

‘रनिंग’ म्हणजे धावतं. हराळीसारखी याची आडवी खोडं जमिनीलगत सरपटतात, पेरापेराशी मुळं धरतात आणि तिथेच नवं रोप उभं राहतं. मे महिन्यात जांभळट झाक असलेल्या पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. बागेतल्या पांढऱ्या क्लोव्हरशी याची हमखास गल्लत होते. अशा वेळी फुलाचा दांडा पाहावा. पांढऱ्या क्लोव्हरचा दांडा बोडका असतो, याच्या गोंड्याखाली मात्र त्रिदली पानांची जोडी असते. खूण पटायला एवढं पुरे.

याला ना गर्द सावली मानवते, ना रखरखीत ऊन. नावातला ‘बफेलो’ म्हणजे अमेरिकेतला बायसन. त्याचे कळप रान तुडवत, चरत जायचे तेव्हा अशी मोकळी, अर्धसावलीची जागा आपोआप तयार व्हायची. कळप गेले आणि हेही दिसेनासं झालं, इतकं की नामशेषच मानलं गेलं. 1980च्या दशकात ते वेस्ट व्हर्जिनियात पुन्हा सापडलं. 1987मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे शोधाशोध आणि जपणूक इतकी नेटाने झाली की 2021मध्ये ते संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आलं.