मधमाश्यांचा हिवाळा जुलैत येतो

मधमाश्यापालनाची बरीचशी पुस्तके थंड देशांत लिहिली गेली, त्यामुळे त्यांत हिवाळ्याच्या तयारीवर पानेच्या पाने असतात. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात परसदारी दोन-चार मधपेट्या ठेवणाऱ्याला ती परकी वाटतात. पण माशीच्या लेखी फुले संपली आणि बाहेर पडता येईना की हिवाळा लागला. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऐन जांभूळ-हिरड्याच्या फुलोऱ्यात अवकाळीने गाठले, मकरंद धुऊन गेला, की मे महिन्यात पेट्या हाताला हलक्या लागतात आणि आत माश्याही विरळ दिसतात. अशा वेळी मधपाळ साखर आणायला धावतो. माझ्या मते साखरेआधी करायचे काम वेगळे आहे: दोन दुबळ्या वसाहतींची एक करणे.

यामागे साधे गणित आहे. अंडी-अळ्यांचा भाग 34 ते 35 अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. कामकरी माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून ही ऊब निर्माण करतात आणि त्यासाठीचे इंधन म्हणजे मध. माश्यांचा घोळका दुप्पट झाला, तर त्याचा पृष्ठभाग दुप्पट होत नाही, साधारण 1.6 पट होतो. म्हणजे दरमाशी उष्णतेची गळती सुमारे एक पंचमांशाने घटते. पावसाळी महाबळेश्वरात पारा विशीच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा ही बचत किरकोळ नाही. दुसरे कारण मनुष्यबळाचे, म्हणजे माशीबळाचे. लहान वसाहतीतल्या माश्यांचा मोठा हिस्सा अळ्या सांभाळण्यातच गुंततो. पावसाने तासभर उघडीप दिली, तरी बाहेर धाडायला कोणी उरत नाही. अमेरिकी संशोधक फॅरर यांनी 1930च्या दशकात दाखवले होते की वसाहत मोठी होत जाते तसा दरमाशी मधही वाढतो. त्यांच्या माश्या युरोपीय होत्या, पण हे कारण आपल्याकडे पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी या देशी माशीलाही लागू पडते.

सातेरीच्या बाबतीत तर एकत्रीकरणाची गरज अधिकच आहे. ब्रिटनमधली वसाहत हिवाळ्यासाठी वीसेक किलो मध साठवते, अंडी घालणे जवळपास थांबवते आणि तिथल्या हिवाळी माश्या पाच-सहा महिने जगतात. सह्याद्रीत एवढी थंडी नसल्याने माश्या अशी विश्रांती घेत नाहीत. त्या जाग्या राहतात, खातात आणि थोडी का होईना पिल्ले वाढवत राहतात. शिवाय सातेरी हट्टी नाही. अन्न संपले, मेणकिडा माजला, की ती पेटी सोडून सरळ निघून जाते. मेणकिडा शिरतो तो माश्यांनी न झाकलेल्या पोळ्यांत. आठ फ्रेमांच्या पेटीत तीनच फ्रेमा झाकण्याइतक्या माश्या असतील, तर उरलेल्या पाच फ्रेमा म्हणजे किड्याला दिलेले आमंत्रणच. त्या काढून घ्याव्यात, गंधकाची धुरी देऊन बंद डब्यात ठेवाव्यात.

साखरेने भागत नाही का? भागते, पण अर्धेच. पाक इंधन पुरवतो. अळ्यांच्या वाढीला लागणारी प्रथिने परागातून येतात, साखरेत ती नसतात. त्यातही दुबळ्या पेटीत पाक सांडला की शेजारची सशक्त वसाहत वासावर येते आणि लूट सुरू होते. म्हणून पाक एकत्रीकरणानंतर, संध्याकाळी, रात्रीत संपेल एवढाच द्यावा. आणि वाईट हंगामात खालच्या कोठ्यातला मध काढूच नये. तो काढून बदल्यात साखर देणे हा मला तरी उफराटा हिशेब वाटतो.

गंभीर आक्षेप रोगाचा आहे. वसाहत दुबळी का झाली हे न पाहता दोन पेट्या जोडल्या, तर रोगही जोडला जातो. 1991 नंतर दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या, आणि त्यावर औषध नाही. अळ्या पिशवीसारख्या पाण्याने फुगून मेलेल्या दिसल्या, तर ती पेटी कोणाशीही जोडू नये. दुसरी तक्रार मालकीची: चार पेट्यांच्या दोन झाल्या! पण जुलैत रिकामी झालेली पेटी कोणाच्या मालकीची? दोन सशक्त वसाहती पाऊस काढून गेल्या, तर पुढच्या फुलोऱ्यात त्यांच्या चार करता येतात. दोन राण्यांपैकी एक गमवावी लागते हे खरे. जिची अंडी पोळ्यात सलग, दाट दिसतात तिला ठेवावे.

कृती अवघड नाही. पेट्या रोज मीटरभर सरकवत शेजारी आणायच्या, म्हणजे माश्या वाट चुकत नाहीत. नको असलेली राणी काढायची. संध्याकाळी एका कोठ्यावर बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर दुसरा कोठा ठेवायचा. माश्या कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोहोचतात, तोवर दोन्हीकडचे वास मिसळलेले असतात आणि भांडण टळते. पेटी दाराच्या बाजूला किंचित कलती ठेवावी, आत पाणी साचत नाही. हे सारे कोरड्या हवेत उरकायचे काम आहे. तेव्हा मेच्या मध्यावर झाकण उघडा आणि फ्रेमा मोजा. चारपेक्षा कमी फ्रेमा माश्यांनी झाकलेल्या असतील आणि अळ्या निरोगी असतील, तर मृगाची वाट पाहू नका.