सातपाटी : तिथीवर चालणारं गाव

चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणपट्टीचा जुना ठोकताळा. सातपाटीतल्या पोरांच्या कानावर तो शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पडतो. वेळ थोडी मागेपुढे होते, जागेप्रमाणे बदलते, पण घरातल्या बाईला तेवढ्यावर दिवस आखता येतो. बोट कधी खाडीत शिरेल, बंदरावर कधी जायचं, भात कधी टाकायचा, सगळं त्यावरून ठरतं. आता मोबाइलवर भरतीओहोटीचं मिनिटामिनिटाचं कोष्टक मिळतं. तरीही मी ज्या ज्या घरात गेलो, तिथे भिंतीवरची दिनदर्शिका दारातून हात पुरेल अशा जागी होती.

इथे भरती एवढी मोलाची का, हे समजायचं तर ओहोटीच्या वेळी खाडीच्या काठावर उभं राहावं. पाणी उतरतं आणि खाली नुसता गाळ उघडा पडतो, काळा, गुळगुळीत, गुडघाभर. त्यात बोटी एका अंगावर कलंडून पडलेल्या असतात. मधे पाण्याची एक चिंचोळी रेघ राहते, तिच्यातून डिझेल इंजिनाची मोठी बोट आत येऊ शकत नाही. समुद्रात पाच-सात दिवस काढून परतलेली बोट गाव डोळ्यांसमोर दिसत असताना खाडीच्या मुखाबाहेर नांगर टाकून थांबते. बर्फ वितळत असतो, मासळी खणात असते, खलाशी घराच्या दिव्यांकडे बघत बसलेले असतात. उधाणाच्या दिवसांत निदान पाणी भरपूर चढतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीच लंगडी असते, तेव्हा ही अडचण आणखी वाढते. गाळ काढा, ही सातपाटीची मागणी इतकी जुनी आहे की ती करणाऱ्यांची नातवंडं आता तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, झाली आहेत.

पालघर स्टेशनपासून गाव सात-आठ किलोमीटरवर. वाटेत शिरगाव लागतं. तिथल्या किल्ल्यातल्या फांद्या फुटलेल्या ताडाचे फोटो पुष्कळांनी पाहिले असतील. पर्यटक बहुधा तिथूनच माहीम-केळव्याकडे वळतात. सातपाटीला हौसेने येणारे थोडे, कारण किनारा फिरण्याचा नाही, कामाचा आहे. वस्ती दाट, घराला घर लागून, बोळांत जाळ्यांचे ढीग आणि नायलॉनचे दोर. राहणारे मुख्यतः मांगेला आणि वैती समाजाचे. रामनवमी आणि नारळी पौर्णिमा हे गावाचे दोन मोठे दिवस.

खाडीच्या पलीकडच्या काठाला मुरबे. दोन्ही गावं एकमेकांना हाक मारतील इतकी समोरासमोर, आणि दोघांच्या नात्यात १९४२ ची एक तारीख आहे. १४ ऑगस्टला ‘चले जाव’चा मोर्चा पालघरच्या कचेरीवर गेला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले काशिनाथ हरि पागधरे सातपाटीचे, रामचंद्र महादेव चुरी मुरब्याचे. उरलेले तिघे नांदगाव, सालवड आणि पालघरचे. पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी दरवर्षी १४ ऑगस्टला माणसं जमतात, बाजारपेठ आपणहून बंद राहते. ही मासेमारीच्या हंगामाच्या सुरुवातीच्या दिवसांतली तारीख. धांदल असते, आणि तरीही त्या दिवशी या दोन्ही काठांवरची माणसं हातातलं काम ठेवून पालघरला जातात. पुढे मुरब्याबद्दल लिहायचं आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

सातपाटीचं नाव महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत पोचलं ते पापलेटामुळे. इथले लोक पापलेट दालद्याने धरतात. दालदा म्हणजे समुद्रात भिंतीसारखं उभं सोडायचं लांबच लांब जाळं. रात्रभर ते प्रवाहाबरोबर वाहत राहतं, मासा त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. या जाळ्याचा सगळा जीव त्याच्या आसात, म्हणजे भोकाच्या मापात. आस मोठा ठेवला की लहान मासा आरपार निघून जातो, अडकतो तो वाढलेलाच. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं, पर्ससीन अख्खा थवा घेरून उचलतं. दालद्याला मात्र वाट बघावी लागते. वर्षानुवर्षं असं वाट बघून मिळालेला ताजा, अंगाला जखम नसलेला, चंदेरी पापलेट म्हणजे सातपाटीचा माल, अशी व्यापाऱ्यांत ओळख झाली. किनाऱ्यावरच्या बोटींना इंजिनं बसू लागली त्या काळात इथल्या बोटीचा घाटही इतका नावाजला गेला की मत्स्यव्यवसायाच्या जुन्या पुस्तकांत ‘सातपाटी’ हा बोटीचा एक प्रकार म्हणूनच नोंदलेला आहे.

या सगळ्याला आधार मिळाला सहकाराचा. साखर कारखान्यांच्या सहकारावर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिलं गेलं. मच्छीमारांच्या सहकाराकडे फार कोणी वळून पाहिलं नाही. सातपाटीतल्या संस्था राज्यातल्या जुन्या मच्छीमार संस्थांपैकी आहेत. डिझेल, बर्फ, जाळ्याचा धागा संस्थेतून घ्यायचा, आणलेली मासळी संस्थेच्या काट्यावर घालायची, हिशेब मागाहून होतो. एकट्या नाखव्याला व्यापाऱ्यापुढे भाव धरून बसता येत नाही, कारण मासळी थांबत नाही. संस्थेला येतं.

बोटी आत आल्यावर काट्यापाशी काय चालतं ते मी बराच वेळ बघत उभा होतो. पापलेट वजनाप्रमाणे वेगळे होत होते. एक माणूस नुसत्या हाताने उचलून ते टोपल्यांत टाकत होता, काट्याकडे न बघता. शंभर-पन्नास ग्रॅमचा फरक त्याच्या मनगटाला कळत होता. मोठ्या मापाची टोपली सगळ्यात हळू भरत होती. बाजूला अगदी लहान पापलेटांचा छोटासा ढीग होता. त्यातला एक उचलून मी खिशातल्या बॉलपेनशेजारी धरला. पेनाहून तो लांब होता, पण बोटाच्या पेराएवढाही नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये माशांच्या धरण्यायोग्य किमान लांबीचे जे नियम काढले, त्यांत पापलेटाची मर्यादा १३५ मिलिमीटर आहे, साधारण एका पेनाएवढी. म्हणजे हा मासा नियमात बसत होता. पण एकदाही अंडी न टाकलेला पापलेट धरायचा नाही असं ठरवलं तर हे माप अपुरं आहे, असं इथले जाणते तांडेल म्हणतात, आणि मला ते पटतं. हा मासा वाढला असता तर त्याच टोपलीत काही महिन्यांनी कितीतरी पट भावाने आला असता. त्याआधी त्याने समुद्रात आपली वीण सोडली असती.

त्याच २०२३ मध्ये पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलं गेलं. शेकरू, हरियाल, ताम्हण यांच्या पंगतीला पापलेट आला. सातपाटीकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्या वर्षी मान मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून दालद्यात पापलेट कमी येऊ लागला होता. जुने नाखवे पूर्वीच्या एका फेरीचा माल आणि आताचा माल यांची तुलना करताना मध्येच बोलायचे थांबतात.

सातपाटीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगण्यासारखी वाटते ती गोष्ट इथे आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवसांची. दोन महिने बोट किनाऱ्याला म्हणजे दोन महिने मिळकत शून्य. अशा वेळी कुठल्याही धंद्यातली माणसं सवलत मागतील. सातपाटीचे मच्छीमार मागतात ती बंदी वाढवून. १५ मे ते १५ ऑगस्ट बंदी करा, नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावर बोटी बाहेर काढायची वाडवडिलांची रीत होती तिच्या जवळ या, असं त्यांचं म्हणणं. पापलेट अंडी धरतो ते दिवस त्यात सुरक्षित राहतात. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जाळी पडली की लहान पिल्लंच वर येतात. पंधरा दिवस उशीर केला तर त्यांचा आकार डोळ्यांनी कळेल इतका बदलतो. घरात पैसा नसताना आणखी एक महिना पोटाला चिमटा घेऊ म्हणणारी ही माणसं आहेत. समुद्र राखण्याचं शहाणपण कुणीतरी त्यांना शिकवायला हवं, असं बोलणाऱ्यांनी एकदा इथे येऊन त्यांची निवेदनं वाचावीत.

अर्थात एका गावाने ठरवून भागत नाही. समुद्राला बांध नसतो. बारीक आसाची डोल जाळी, ट्रॉलर, पर्ससीन, रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासा गोळा करणाऱ्या बोटी असे सगळे त्याच पाण्यात असतात. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले. कागदावर दोन्ही आहेत. पाण्यावर त्यांची अंमलबजावणी करायला गस्तीच्या बोटी आणि माणसं लागतात, ती तुटपुंजी आहेत.

पापलेट सातपाटीला नाव देतो, पण रोजची चूल पेटते ती बोंबील, मांदेली, जवळा यांच्यावर. बोंबील सुकवायच्या वलांडीवर बायकांचे हात काय वेगाने चालतात ते बघत राहावं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही, माशाचे दातच माशाला धरून ठेवतात. ऊन चांगलं असेल तर काही दिवसांत बोंबील कडक होतो. अवकाळी पावसाची एक सर आली तर सगळा माल खराब होतो, आणि शेतकऱ्याच्या भिजलेल्या कांद्याचे जसे पंचनामे होतात तसे या बोंबलाचे होत नाहीत, ही इथल्या बायकांची तक्रार आहे. विक्रीही त्यांचीच. पालघर, बोईसरचे बाजार जवळचे. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून मुंबईकडच्या बाजारांत जाणंही थोडं सोपं झालं. पहाटे माल भरायचा, दुपारी उशिरा परत, मग घर. बोट नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असते. पैशाचा ताळमेळ बाई घालते.

बोटीवरचे खलाशी मात्र बहुतेक गावचे नसतात. तलासरी, डहाणू, जव्हारच्या पाड्यांवरचे आदिवासी तरुण हंगामापुरते येतात, घरून निघताना आगाऊ उचल घेऊन. गावातली शिकलेली मुलं बोईसरच्या कारखान्यांत किंवा मुंबईला नोकरीला जातात. पापलेट कमी झाल्याचा परिणाम सगळ्यात आधी या पाड्यांवर जाणवतो, कारण बोट बंद पडली की त्यांचा हंगामच जातो.

किनाऱ्याकडे वळलं की दुसरं दुखणं दिसतं. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला समुद्र बंधाऱ्यावरून किंवा त्याच्या पडलेल्या भागातून वस्तीत शिरतो. कडेच्या घरांतून चुली, कपाटं, गाद्या उंचावर ठेवून रात्र जागून काढायची, हे इथल्या पावसाळ्याचं ठरलेलं चित्र झालं आहे. धूपप्रतिबंधक बंधारा दुरुस्त होतो, पुन्हा खचतो. मागच्या बाजूला खाडी गाळाने उथळ होते, पुढच्या बाजूला समुद्र आत येतो. पाणी हवं तिथे मिळत नाही आणि नको तिथे घुसतं.

आता या सगळ्यावर मोठी छाया पडली आहे ती बंदरांची. उत्तरेला वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होतं आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरला जाणार आहे. पापलेटाच्या ज्या पट्ट्याला इथले मच्छीमार ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात, त्याच्या अंगावरच हे काम येतं असं त्यांचं म्हणणं आहे. आणि अगदी समोर, खाडीपलीकडे मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी समुद्रात आणि खाड्यांत जातं त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली, ती लढाई वेगळीच. बंदरांमुळे नोकऱ्या येतील, रस्ते होतील, असं सांगितलं जातं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण नुकसानभरपाईचा विचार होतो तेव्हा सातबाऱ्यावरची जमीन मोजली जाते. जिथे दालदा सोडतात त्या पाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कोण मासेमारी करत आलं, हे लिहून घेतल्याशिवाय एक दगडही पाण्यात पडू नये, एवढं तरी सरकारने करावं असं मला मनापासून वाटतं.

मी गेलो त्या दिवशी दशमी होती. हिशेबाने भरती साडेसातची. सात वाजता बंदरावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, एक लहान मुलगी आजीच्या मांडीवर झोपली होती. मुखाबाहेर चार दिवे दिसत होते, हलणारे, पण पुढे न सरकणारे. समोर मुरब्याचेही दिवे लागले. मग गाळावर कलंडलेल्या बोटी एकेक करून सरळ व्हायला लागल्या. आजीने पाण्याकडे पाहिलं, मुलीला हलवून जागं केलं आणि पदर खोचून उठली. बाहेरच्या पहिल्या दिव्याने नांगर उचलला होता.