माध्यमांतर आणि निष्ठेचा प्रश्न : ‘रेसिडेंट इव्हिल’ चित्रपटाच्या नव्या प्रारंभाचे स्वागत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ‘रीबूट’ ही संज्ञा उत्तरभाग आणि पुनर्निर्मिती या संज्ञांपासून वेगळी करून सांगता येईल.
• एकाच चित्रपटाविषयी समीक्षक आणि चाहते भिन्न निर्णय का देतात, हे स्पष्ट करता येईल.
• ‘मूळाशी निष्ठा’ या शब्दप्रयोगात दडलेले भिन्न अर्थ ओळखता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेली की वाद उद्भवतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि त्यावरील चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. नाटक पाहिलेला प्रेक्षक चित्रपटगृहात रिकाम्या मनाने बसत नाही. त्याच्या स्मरणात एक आवाज, एक चाल, एक विराम आधीच वस्तीला असतो, आणि पडद्यावरील प्रत्येक क्षणाची तुलना तो त्या स्मरणाशी करतो.

नाटक वा कादंबरी यांच्या संदर्भात हा प्रश्न मराठी समीक्षेला परिचित आहे. गेल्या तीन दशकांत मात्र माध्यमांतरासाठी एक नवाच स्रोत पुढे आला आहे, तो म्हणजे व्हिडिओ गेम. येथे मूळ संहिता वाचली वा पाहिली जात नाही, ती खेळली जाते. या एका फरकामुळे निष्ठेचा जुना प्रश्न वेगळे रूप घेतो. ते रूप समजून घेण्यासाठी आपण २०२१ सालच्या ‘रेसिडेंट इव्हिल : वेलकम टू रॅकून सिटी’ या चित्रपटाचे उदाहरण घेणार आहोत.

२. ‘रीबूट’ म्हणजे काय?

हा शब्द संगणकाच्या व्यवहारातून आला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की यंत्र तेच राहते, पण चालू स्मृती पुसली जाते. चित्रपटव्यवहारात हा शब्द रूपकाने वापरला जातो. उत्तरभाग आधीच्या कथेला पुढे नेतो. पुनर्निर्मितीत तीच कथा नव्याने चित्रित होते. रीबूटमध्ये मात्र आधीच्या चित्रपटांत घडलेले सारे घडलेच नाही असे मानून, त्याच मूळ स्रोतापासून कथेचा नवा प्रारंभ केला जातो. म्हणजेच रीबूट हे जुन्या चित्रपटांवर केलेले एक मूक भाष्य असते. ‘आधीचा मार्ग सोडून आम्ही मूळाकडे परत जात आहोत’ असे आश्वासन त्यात अध्याहृत असते, आणि पुढील प्रतिक्रियांचे स्वरूप बहुतांशी या आश्वासनावर ठरते.

३. मूळ संहिता : खेळ आणि त्याची भीती

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने १९९६ साली ‘बायोहॅझर्ड’ नावाचा भयखेळ प्रसिद्ध केला. शिंजी मिकामी हे त्याचे दिग्दर्शक होते. जपानबाहेर तो ‘रेसिडेंट इव्हिल’ या नावाने ओळखला गेला. डोंगराळ प्रदेशातील एका ओसाड हवेलीत विशेष पोलीस पथकाची माणसे अडकतात, आणि अंब्रेला नावाच्या औषधनिर्माण संस्थेने घडवलेल्या विषाणूमुळे तेथील माणसे जिवंत प्रेतांसारखी झालेली असतात, असे त्याचे कथासूत्र आहे. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या खेळात ही साथ रॅकून सिटी या शहरात पसरते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तेथे पोहोचलेला पोलीस लिऑन केनेडी आणि भावाच्या शोधात आलेली क्लेअर रेडफील्ड ही त्यातील प्रमुख पात्रे होत.

कथासूत्र साधे आहे. भीती निर्माण होते ती खेळाच्या रचनेतून. बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच मिळतात. सोबत बाळगता येणाऱ्या वस्तूंना मर्यादा असते. झालेली प्रगती जतन करायची तर टंकयंत्र गाठावे लागते आणि त्यासाठी लागणारी शाईची फीतही मोजूनच मिळते. कॅमेरा खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात स्थिर असल्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. एका खोलीतून दुसरीत जाताना काळ्या पडद्यावर फक्त दार हळूहळू उघडताना दिसते. तेवढ्या वेळात यंत्र पुढील खोलीची माहिती भरून घेत असे. तांत्रिक गरजेतून आलेला हा विलंब खेळणाऱ्याच्या अनुभवात मात्र भीतीचा अविभाज्य भाग बनला.

४. दोन चित्रपटीय वाटचाली

या खेळावर चित्रपट काढण्याचे ठरले, तेव्हा जिवंत प्रेतांच्या चित्रपटांचे प्रवर्तक मानले जाणारे जॉर्ज रोमेरो यांनी मूळ खेळाला बरीच जवळ राहणारी पटकथा लिहिली होती. ती स्वीकारली गेली नाही. पुढे पॉल अँडरसन यांनी २००२ साली पहिला चित्रपट केला. २००२ ते २०१६ या काळात सहा चित्रपट निघाले. त्यांची नायिका ॲलिस ही मूळ खेळात नाहीच. ती चित्रपटासाठी निर्माण केलेली व्यक्तिरेखा असून मिला योवोविच यांनी ती साकारली. समीक्षकांनी या मालिकेचे फारसे कौतुक केले नाही, आणि खेळाचे अनेक चाहतेही तिच्यावर रुष्ट होते. तरीही सहा चित्रपटांनी मिळून जगभरात १२० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. खेळ न खेळलेला मोठा प्रेक्षकवर्ग त्यांना लाभला होता, हे यावरून दिसते.

२०२१ सालच्या रीबूटचे लेखन-दिग्दर्शन जोहानेस रॉबर्ट्स यांनी केले. ॲलिसला वगळून क्लेअर, ख्रिस, जिल आणि लिऑन या खेळातील पात्रांना केंद्रस्थानी आणले गेले. हवेली आणि पोलीस ठाणे यांची नेपथ्यरचना कॅपकॉमकडील आराखड्यांच्या आधारे झाली. काळही १९९८ हाच ठेवला. मात्र खेळांत जुलै आणि सप्टेंबर अशा दोन महिन्यांत घडणारे दोन स्वतंत्र प्रसंग चित्रपटात एकाच रात्रीत आणि १०७ मिनिटांत बसवले गेले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) रीबूट आणि पुनर्निर्मिती यांतील भेद एका वाक्यात सांगा.
आ) पहिल्या मालिकेतील नायिकेविषयी चाहत्यांचा आक्षेप काय असू शकेल?

५. समीक्षकांची प्रतिक्रिया

समीक्षकांचा कल एकंदरीत प्रतिकूल होता. ‘रॉटन टोमॅटोज’ या समीक्षा-संकलनात अनुकूल समीक्षांचे प्रमाण सुमारे ३० टक्के राहिले. प्रेक्षकांच्या कौलातील अनुकूलता त्याहून बरीच अधिक होती. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ३० टक्के म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी ३० गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी सुमारे तीस जणांना चित्रपट एकंदरीत बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. मताचे प्रमाण आणि मताची तीव्रता या भिन्न गोष्टी आहेत.

समीक्षकांचे आक्षेप मुख्यतः रचनेविषयीचे होते. दोन खेळांची कथानके एकत्र कोंबल्यामुळे पात्रांना उभे राहण्यास अवकाश मिळत नाही, शेवट घाईने उरकला आहे, संगणकनिर्मित दृश्ये दुबळी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आरंभीच्या भागातील पावसाळी, काळोखे वातावरण आणि जुन्या भयपटांची आठवण देणारी शैली यांची दखलही अनेकांनी घेतली. या सर्व विधानांत चित्रपट ही एक स्वयंपूर्ण कलाकृती मानलेली आहे. मूळ खेळ माहीत नसलेल्या प्रेक्षकाला काय मिळते, हा त्यांचा गृहीत प्रश्न होय.

६. चाहत्यांची प्रतिक्रिया

चाहत्यांची प्रतिक्रिया अनुकूल की प्रतिकूल, असे एका शब्दात सांगता येत नाही. पोलीस ठाण्याचे भव्य दालन पडद्यावर जसेच्या तसे पाहून अनेकांना हर्ष झाला. खेळातील कागदपत्रांचे, संवादांचे, लहानसहान प्रसंगांचे संदर्भ ओळखण्याचा आनंद त्यांनी घेतला. ज्यांनी जुन्या मालिकेला ‘आमचा खेळ नव्हे’ म्हणून नाकारले होते, त्यांतील काहींनी या चित्रपटाचे स्वागत केले.

सर्वाधिक नाराजी व्यक्त झाली ती लिऑनच्या चित्रणाविषयी. चित्रपटातील लिऑन नवखा, सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय झालेला आणि गोंधळलेला आहे. बाहेर अनर्थ घडत असताना तो कानाला संगीत लावून झोपी गेलेला दाखवला आहे. वस्तुतः खेळातही लिऑन नवखाच आहे. तो त्याचा नोकरीचा पहिला दिवस आहे. मग चित्रपटाने तपशील पाळूनही चाहत्यांना तो परका का वाटला? या घटकातील मध्यवर्ती प्रश्न हाच आहे.

७. व्याकरणातील ‘पुरुष’ आणि खेळणाऱ्याचा अनुभव

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाषेची मदत होते. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांचे बोलणे लक्षपूर्वक ऐका. पडद्यावरील पात्र मरण पावले की मूल ‘तो मेला’ असे म्हणत नाही. ते म्हणते, ‘मी मेलो’. ‘मी दार उघडले’, ‘माझ्याकडे दोनच गोळ्या उरल्या’ अशी त्याची वाक्ये असतात. चित्रपट पाहून आलेली व्यक्ती मात्र ‘त्याने दार उघडले’, ‘त्याच्याकडे दोनच गोळ्या होत्या’ असे सांगते. घटना एकच; पण खेळ प्रथम पुरुषात सांगितला जातो आणि चित्रपट तृतीय पुरुषात.

आता लिऑनकडे पुन्हा पाहू. खेळाच्या कथेत लिऑन नवखा असला, तरी खेळणाऱ्याने तासन्‌तास त्याच्या रूपाने दारे उघडली आहेत, गोळ्या वाचवल्या आहेत, चुकून पुन्हा आरंभ केला आहे आणि शेवटी तो सुटला आहे. लिऑनचे कौशल्य हे खेळणाऱ्याने स्वतः कमावलेले कौशल्य आहे. शिवाय २००५ सालच्या चौथ्या खेळात तोच लिऑन निष्णात नायक म्हणून समोर आला आणि २०१९ साली दुसऱ्या खेळाची नवी आवृत्ती निघाल्याने ही नाळ ताजी झाली. अशा प्रेक्षकासमोर लिऑनला हास्यास्पद ठरवले, तर त्याच्या दृष्टीने एका पात्राची नव्हे, त्याच्या स्वतःच्या श्रमाची थट्टा होते. पटकथेने पात्राविषयीचा तपशील राखला, पण पात्राशी असलेले नाते तोडले.

८. निष्ठेचे अर्थ

यावरून ‘मूळाशी निष्ठा’ या शब्दप्रयोगाचे किमान दोन अर्थ वेगळे करता येतात. पहिली तपशिलाशी निष्ठा : वास्तू, वेशभूषा, नावे, घटनाक्रम. दुसरी अनुभवाशी निष्ठा : मूळ कृतीने दिलेली भीती, प्रतीक्षा, सुटकेचा भाव. या चित्रपटाने पहिली निष्ठा कष्टपूर्वक सांभाळली. दुसरी सांभाळणे कठीण होते. मोजक्या गोळ्यांची चिंता खेळणाऱ्याला वाटते, कारण गोळी झाडायची की पळायचे हे त्याला ठरवायचे असते. प्रेक्षकाला काहीच ठरवायचे नसते. खेळातील भीती चित्रपटात आणायची तर चित्रपटाच्या साधनांनी, म्हणजे काळाच्या लांबणीने, शांततेने, दृश्याबाहेर ठेवलेल्या धोक्याने, ती नव्याने घडवावी लागते. त्यासाठी वेळ हवा, आणि दोन खेळ एका रात्रीत बसवताना तोच वेळ खर्ची पडला. समीक्षकांची ‘घाई’विषयीची तक्रार आणि चाहत्यांची दुरावलेपणाची तक्रार येथे एकाच मुळाशी येऊन मिळतात. दोघांची परिभाषा भिन्न आहे, उणीव मात्र तीच आहे.

निष्ठेच्या नावाखाली येणारा प्रत्येक आक्षेप मात्र ग्राह्य धरता येत नाही. वडिलांकडून भारतीय वंशाचे असलेले कॅनेडियन अभिनेते अवान जोगिया यांची लिऑनच्या भूमिकेसाठी निवड झाली, तेव्हा काहींनी केवळ चेहरा जुळत नाही म्हणून विरोध केला. त्यातील काही सुरांत वंशभेदाची छटा होती. पात्राचे लेखन दुबळे आहे हा आक्षेप समीक्षेचा आहे. नटाचा वर्ण वेगळा आहे हा आक्षेप कलाकृतीविषयी काहीच सांगत नाही. अभ्यासकाने या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये.

चाहत्यांच्या मताला आज निर्मितीप्रक्रियेतही वजन आले आहे. ‘सॉनिक द हेजहॉग’ या चित्रपटाची झलक २०१९ साली प्रसिद्ध होताच नायकाच्या रूपावर इतकी टीका झाली की निर्मात्यांनी ते रूप बदलले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० पर्यंत पुढे ढकलले. असा बदल रूपात करता येतो, कारण रूप हा तपशील आहे. अनुभव मात्र अशा दुरुस्तीने हाती लागत नाही.

९. समारोप

चाहत्यांचे बोलणे अनेकदा भावनिक आणि विस्कळीत असते, म्हणून ते समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती टाळावी. चाहत्याचे म्हणणे ही अनुभवाची साक्ष असते आणि समीक्षकाचे म्हणणे हा कलाकृतीविषयीचा निवाडा. साक्ष हीच निवाडा मानली तर समीक्षा उरत नाही, आणि साक्ष न ऐकता दिलेला निवाडा अपुरा राहतो. उद्या तुमच्या आवडत्या कादंबरीवर चित्रपट येईल तेव्हा ‘हे मूळासारखे नाही’ असे वाक्य तुमच्याही ओठी येईल. त्या क्षणी ‘मूळ म्हणजे त्यातील तपशील, की त्याने मला दिलेला अनुभव?’ एवढा प्रश्न स्वतःला विचारला, तरी आस्वादाकडून समीक्षेकडे तुमचे पहिले पाऊल पडले असे समजावे.

पारिभाषिक शब्द

माध्यमांतर : एका माध्यमातील कृतीची दुसऱ्या माध्यमात केलेली पुनर्रचना.
रीबूट : आधीच्या कृतींतील कथा बाजूला ठेवून मूळ स्रोतापासून केलेला नवा प्रारंभ.
अध्याहृत : शब्दांत न मांडलेले, पण गृहीत धरलेले.

स्वाध्याय

१. ‘तपशिलाशी निष्ठा’ आणि ‘अनुभवाशी निष्ठा’ यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. लिऑनच्या चित्रणाविषयीच्या नाराजीचा उलगडा प्रथम पुरुष आणि तृतीय पुरुष या संकल्पनांच्या आधारे करा.
३. तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी कादंबरीवर किंवा नाटकावर आधारित चित्रपट पाहा. त्याविषयी ओळखीच्या तीन व्यक्तींची मते ऐकून त्यांतील साक्ष आणि निवाडा वेगळे करून लिहा.