कोंडलेले आठ तास

मेंदूला इजा झाल्यावर गेलेले हातपाय परत कसे येतात, या विषयावर हाती लागेल ते मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. तरी पुन्हा पुन्हा वळतो एकाच निबंधाकडे. १९८२ साली ‘सायन्स’मध्ये आलेला, जेमतेम तीन पानांचा. लेखक न्यू मेक्सिको विद्यापीठातले डेनिस फीनी आणि त्यांचे सहकारी गोन्झालेझ व लॉ. ‘अ‍ॅम्फेटामिनने लकवा लवकर सुधारतो’ एवढ्या एका ओळीत त्याची बोळवण होते. हा त्या निबंधावर अन्याय आहे.

उंदरांच्या मेंदूतला हालचालींचा भाग एकाच बाजूने काढला की विरुद्ध बाजूचे पाय लुळे पडतात. उंचावर बसवलेल्या अरुंद पट्टीवर उंदीर सोडला की हे स्पष्ट दिसतं. पाऊल कडेवरून घसरतं, पाय खाली लोंबतो, तोल जातो. हा लुळेपणा हळूहळू आपोआपही ओसरतो. फीनींनी इजेनंतर २४ तासांनी अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाचा एकच डोस दिला. उंदीर लगेच सावरू लागले आणि औषधाचा अंमल उतरल्यावरही ती सुधारणा टिकली. हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरच्या औषधाच्या एकाच डोसाने उलट घडलं, सुधारणा फारच रेंगाळली.

खरी मेख पुढे आहे. काही उंदरांना औषध दिल्याबरोबर आठ तास हलता येणार नाही असं कोंडून ठेवलं. अ‍ॅम्फेटामिनचा सगळा फायदा नाहीसा झाला. आणि हॅलोपेरिडॉल देऊन कोंडलेल्या उंदरांचं नुकसानही टळलं! हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. हॅलोपेरिडॉल नुसतं मेंदूला बाधत असतं, तर कोंडल्याने ती बाधा थांबली नसती. औषध अंगात असताना प्राणी जे करतो, त्यावरच भलंबुरं ठरत होतं.

सरावाचं महत्त्व त्याआधी कोणी ओळखलं नव्हतं असं नाही. वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करणारे शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ १९१५ सालीच बजावत होते की, ज्याला आपण कायमचा लकवा म्हणतो तो बहुधा हेळसांडीचा लकवा असतो. १९१७ मध्ये ऑग्डेन यांच्यासोबत त्यांनी माकडांचा चांगला हात बांधून लुळा हात वापरायला लावला, तेव्हा तो हात कामाला लागला. हे काम पुढे कित्येक दशकं अडगळीत पडून राहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र ‘जितका सराव तितकं बरं’ असं सरसकट म्हणता येत नाही. टेक्सास विद्यापीठात कोझलोव्स्की, जेम्स आणि शालर्ट यांनी उंदरांचा धडधाकट पुढचा पाय इजेनंतर लगेच प्लास्टरमध्ये घातला आणि सगळा भार लुळ्या पायावर टाकला. १९९६ साली त्यांनी छापलेला निष्कर्ष असा की, त्यामुळे मेंदूतली जखमच वाढली.

माणसांकडे वळू. १९८८ साली पक्षाघाताच्या आठ रुग्णांपैकी काहींना अ‍ॅम्फेटामिन देऊन, त्याच्या अमलातच फिजिओथेरपी दिली गेली. फरक दिसला. पुढच्या चाचण्यांत तो ठामपणे टिकला नाही. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचंही असंच झालं. ३,००० हून अधिक रुग्णांच्या ‘फोकस’ चाचणीत (२०१८) हातपाय जास्त सुधारले नाहीत, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. या चाचणीत गोळी रोजची होती, तिची वेळ व्यायामाशी बांधलेली नव्हती. ती बांधली असती तर निकाल बदलला असता, असं मी म्हणणार नाही. पण फीनींच्या उंदरांनी विचारलेला प्रश्न तिथे विचारलाच गेला नाही.

हॅलोपेरिडॉलचा प्रश्न तर आजचा आहे. डोक्याला मार लागलेला रुग्ण रात्री ओरडू लागला, नळ्या उपटू लागला, की हेच औषध टोचलं जातं. लॅरी गोल्डस्टीन यांनी १९९५ साली पक्षाघाताच्या जुन्या नोंदी चाळल्या. त्यांत सुधारणेला मारक ठरण्याचा संशय असलेली औषधं मिळालेले रुग्ण कमी सुधारलेले दिसले. अशी औषधं जास्त आजारी रुग्णांनाच दिली जातात, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही. तरीही केसपेपरवर डोसाशेजारी आणखी एक नोंद असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पुढचे काही तास रुग्णाने काय केलं? चालला, बसला, की पलंगाला बांधून पडून होता?