चेंबर कॉयरची मैफल: जाहिरात कशी वाचायची आणि कान कसा लावायचा

ईटमधून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातून, हा आजचा भाग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी उतारा. बोलताना सुटलेले 'कसंय ना', 'म्हणजे बघा' बरेच गाळलेत, काही राहू दिलेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. तो पुण्यात शिकतो, गावाकडं सप्ताहात टाळ घेऊन उभा राहतो. त्यानं विचारलं, "दादा, इकडं चेंबर कॉयरच्या कार्यक्रमाची जाहिरात दिसली. तिकिटाला पैसे घालावेत का? आणि आपण भजनात पंधराजण गातो, तेपण पंधरा-वीसच आहेत, मग फरक काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात अजून एक प्रश्न आहे, आणि तो जास्त मोठा आहे: एकत्र गाण्यावर माणसाचं पोट भरतं का? दोन्हींकडं जाऊ.

[०१:४०] चेंबर कॉयर म्हणजे काय?

कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचा गट. चेंबर म्हणजे खोली, दालन. मोठ्या कॉयरमध्ये शंभर-दीडशे माणसं उभी राहतात, सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा असतो. चेंबर कॉयर छोटा. साधारण बारा ते तीस-पस्तीस गायक, दालनात मावतील एवढेच. पुष्कळदा साथीला एकही वाद्य नाही. पेटी नाही, मृदंग नाही, टाळ नाही. नुसते गळे. याला 'अ कापेला' म्हणतात. जाहिरातीत हा शब्द दिसला की समजायचं, वाद्य नसणार.

आता फरक. आपल्या भजनात किंवा हरिपाठात चाल एकच असते. बुवा ओळ म्हणतात, टाळकरी तीच ओळ उचलतात. पन्नासजण असले तरी स्वर एक. बायका गात असल्या तर त्या एक सप्तक वर, पण चाल तीच. ताकद तिथंच आहे, सगळ्यांचा मिळून एक आवाज होतो.

कॉयरमध्ये उलट. तिथं एकाच वेळी चार चाली चालतात. बायकांचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो, खालचे आल्टो. पुरुषांचे उंच टेनर आणि खर्जातले बास. चौघांच्या चाली वेगळ्या, पण एकमेकींत बसतील अशा रचलेल्या. प्रत्येक चाल चार-पाच माणसं गातात, म्हणून वीसजणांत काम भागतं. आणि माणसं कमी असल्यामुळं लपायला जागा नाही. शंभरात एकजण बेसूर झाला तर खपून जातं. चारात एकजण घसरला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

[०३:५५] पेटीवर करून बघा

घरात, देवळात कुठं पेटी असेल तर एक प्रयोग करा. पांढरी एक हा सा धरा. आता सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा, भाता मारा. जो भरलेला आवाज येतो ना, त्याला कॉर्ड म्हणतात. कॉयर हेच गळ्यानं करतो. एकजण सा धरतो, दुसरा ग, तिसरा प, चौथा वरचा सा. मग पुढच्या मात्रेला चौघंही आपापल्या वाटेनं पुढं सरकतात आणि नवा कॉर्ड तयार होतो.

यात एक गंमत आहे, ती आपल्याकडच्या लोकांना पटकन कळेल. गावात बाया आणि पुरुष एकत्र गायला बसले की पट्टीवरून कायम ओढाताण. पुरुषांना काळी एक, दोन सोयीची. बायकांना काळी चार, पाच. मग मधली कुठली तरी पट्टी काढायची आणि दोघांनीही कुरकुरत गायचं. कॉयरनं ही अडचणच भांडवल केली. तुझा गळा खाली जातो? मग तू खालची चाल घे. तुझा वर जातो? तू वरची घे. कुणालाच ताणायला नको.

दुसरी गोष्ट सुराची. पेटीतला ग शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो, शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं जे अंतर असतं त्याच्या साधारण सातव्या भागाएवढा. सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून केलेली ती तडजोड आहे. पेटीला मींड जमत नाही आणि तिचे सूर आपल्या सुरांशी नीट जुळत नाहीत, असे आक्षेप होते, आणि आकाशवाणीवर १९४० ते १९७१ एवढी वर्षं पेटीला बंदी होती. तानपुरा नीट जुळला की त्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, तो खरा. वाद्याशिवाय गाणारा चांगला कॉयर त्याच गंधाराकडं सरकतो. त्यांना पट्टी बांधून ठेवत नाही, कान बांधतो. म्हणून चांगल्या कॉयरचा शेवटचा कॉर्ड ऐकताना हॉलमध्ये काहीतरी चमकल्यासारखं वाटतं.

[०६:३०] आपल्याकडं हे कुठं होतं?

हे सगळं विलायतेतलंच आहे असं नाही. मुंबईत १९५६ मध्ये व्हिक्टर परांजोती यांनी कॉयर सुरू केला, परांजोती अकॅडमी कोरस. १९६७ मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया या पारशी बाईंनी तो हातात घेतला आणि जवळपास पन्नास वर्षं सांभाळला. हा कॉयर परदेशात जाऊन गाऊन आला. वनराज भाटिया ठाऊक असतील, 'मंथन', 'भूमिका', 'तमस'चे संगीतकार. त्यांनी कॉयरसाठीही लिहिलं, गीतेतल्या श्लोकावर त्यांची रचना आहे. म्हणजे संस्कृत शब्द आणि चार आवाजांची बांधणी. सलील चौधरींनीही १९५० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर उभा केला होता.

गोव्यात तर हे चर्चमधून घराघरांत गेलं. लेंटच्या काळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, तिथं मोतेत गातात. दोन-तीन आवाज, सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट. मांडो गातानाही दुसरा आवाज पहिल्याच्या खालून चालतो. गोवा विद्यापीठात अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाचं अध्यासन आहे. 'अमर अकबर अँथनी'मधलं नाव आठवलं ना? ते ज्यांच्यावरून आलं ते हेच, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. त्या अध्यासनावर आलेल्या अर्जेंटिनाच्या सांतियागो लुसार्दी गिरेल्ली यांनी विद्यापीठाचा कॉयर बांधला.

आणि शिलाँग चेंबर कॉयर तर तुमच्यातल्या बऱ्याचजणांनी रीलमध्ये ऐकलाय. नील नाँगकिनरिह यांनी २००१ मध्ये तो सुरू केला. २०१० मध्ये चीनमधल्या वर्ल्ड कॉयर गेम्समध्ये त्यांनी सुवर्णपदकं मिळवली आणि त्याच वर्षी 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकलं. नील २०२२ च्या जानेवारीत गेले. पण 'चेंबर कॉयर' हा शब्द आपल्याकडं टीव्हीपुढं बसलेल्या घरांत पोचला तो त्यांच्यामुळं.

[०९:१०] जाहिरात कशी वाचायची

आता मुद्द्याचं. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत, पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये, दोन्ही शहरांतल्या चर्चमध्ये असे कार्यक्रम होतात. गर्दीचा काळ पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत, आणि त्यातही डिसेंबर. जाहिरात हातात आली की पाच गोष्टी बघा.

पहिली, कोण गाणार. बाहेरून आलेला व्यावसायिक कॉयर आहे, की शहरातला हौशी? हौशी म्हणजे कच्चा नव्हे. फक्त अपेक्षा आणि तिकीट वेगळं.

दुसरी, किती गायक. सहा-आठ असतील तर प्रत्येक आवाज वेगळा ओळखता येतो. वीस-पंचवीस असतील तर आवाज एकमेकांत विरघळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वीसचा गट जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे.

तिसरी, काय गाणार. 'मोटेट' म्हणजे छोटी धार्मिक रचना, बहुतेक लॅटिन. 'मॅड्रिगल' म्हणजे प्रेमाबिमाचं, लौकिक गाणं. 'मास' म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे ठरलेले भाग, ओळीनं गायलेले. 'रिक्वियम' म्हणजे मृतांसाठीची उपासना. बाखचं नाव असेल तर कसदार पण गुंतागुंतीचं. आर्व्हो पेअर्ट हे नाव दिसलं तर डोळे झाकून जा. संथ, मोकळं संगीत आहे, मध्ये खूप शांतता. काकड्याला पहाटे उठणाऱ्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

चौथी, जागा. चर्चमध्ये आवाज घुमतो, शेवटचा स्वर थांबल्यावरही दोन-तीन सेकंद छताखाली रेंगाळतो. जुन्या रचना अशाच जागांसाठी लिहिल्या गेल्या. माइक लावलेल्या लॉनवर यातलं निम्मं हरवतं. 'माइकशिवाय' असं लिहिलं असेल तर चांगली खूण.

पाचवी, प्रवेश. चर्चमधले कितीतरी कार्यक्रम मोफत असतात, दारात देणगीची पेटी असते. म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर: पहिला मोफत ऐक, दुसऱ्याचं तिकीट काढ.

तिथं गेल्यावर एवढंच. मध्ये 'क्या बात है' म्हणायचं नाही. टाळी सगळी रचना संपल्यावर. कसं ओळखायचं? कंडक्टरचा हात खाली येईपर्यंत थांबा. हात वर आहे म्हणजे ती शांतताही गाण्यातच धरलीय.

[१२:२०] मोबाईलवर ऐकणाऱ्यांसाठी

आपल्यातल्या बहुतेकांना पुणं-मुंबई दर वेळी जमणार नाही. एसटीचं भाडं, मुक्काम, दुसऱ्या दिवशीची हजेरी. मग फोन. पण एक काम करा, मोबाईलच्या स्पीकरवर कॉयर ऐकू नका. बासवाल्यांचे खालचे स्वर ऐंशी-शंभर हर्ट्झपर्यंत जातात आणि तो इवलासा स्पीकर एवढं खालचं वाजवूच शकत नाही. चार मजली इमारतीचा तळमजला उडाला तर काय राहील? इअरफोन लावा, साधा वायरचा चालेल. दोन्ही कानांत. एकच कानात घातला तर डावी-उजवीकडची मांडणी जाते.

यूट्यूबवर नेदरलँड्स बाख सोसायटीनं बाखच्या रचना एकेक करून मोफत टाकल्यात, त्यांचा 'ऑल ऑफ बाख' प्रकल्प २०१४ पासून चालू आहे. व्होसेस-एट हा आठजणांचा ब्रिटिश गट आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळं बंद पडल्यावर त्यांनी 'लाइव्ह फ्रॉम लंडन' नावानं ऑनलाइन तिकीट लावून मैफली केल्या.

थेट प्रक्षेपण असेल तर वेळेचा हिशेब करा. लंडनची संध्याकाळची साडेसात म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे बारा, हिवाळ्यात एक. बर्लिनचे आठ म्हणजे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा.

[१४:३०] आता पोटाचा प्रश्न

'व्यावसायिक' चेंबर कॉयर म्हणजे ज्यात गायकाला गाण्याचे पैसे मिळतात. काही ठिकाणी कार्यक्रमागणिक मानधन, काही ठिकाणी चक्क पगार. बर्लिनमध्ये १९४८ पासून रिआस कामरकोर नावाचा रेडिओतून जन्मलेला कॉयर आहे. तिथं गाणं ही नोकरी आहे. सकाळी तालमीला जायचं, महिन्याला पगार घ्यायचा.

जर्मनी श्रीमंत आहे, सोडून द्या. एस्टोनिया घ्या. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. आपल्या धाराशिव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या वर होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून लहान देश. तिथं १९८१ मध्ये टोनू काल्युस्ते यांनी एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर उभा केला. पेअर्ट त्यांच्याच देशाचे, त्यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणांतून या कॉयरला ग्रॅमी मिळालंय. का जमलं? तिथं १८६९ पासून समूहगानाचा मोठा उत्सव भरतो, गावोगावचे कॉयर एकत्र येतात. सोव्हिएत सत्तेविरुद्धची त्यांची १९८७ ते १९९१ ची चळवळ 'गाणारी क्रांती' म्हणूनच ओळखली जाते. गाव गातं, म्हणून शाळा शिकवते, म्हणून गायक तयार होतात, म्हणून सरकार पगार देतं. वरचा पंचवीसजणांचा कळस दिसतो, पाया हजारो हौशी लोकांचा आहे.

आता आपल्याकडं बघा. पाया आहे की! सप्ताह आहे, हरिपाठ आहे, तुळजापूरच्या वाटेवर आराधी आहेत, तेरला गोरोबाकाकांच्या दारात भजन आहे. गाणारी माणसं कमी नाहीत. पण मधल्या पायऱ्या नाहीत. आपल्याकडं एकट्या गायकाला बिदागी मिळते, कीर्तनकाराला पाकीट मिळतं, मागं उभ्या टाळकऱ्याला प्रसाद आणि फार तर नारळ. मुंबईच्या कॉयरमधली माणसंसुद्धा बहुतेक दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला जातात. म्हणून त्या श्रोत्याला खरं सांगायचं तर, आज महाराष्ट्रात नुसत्या कॉयरवर घर चालवणं अवघड आहे. पण त्याला जोडून कामं आहेत. स्वरलिपी वाचता आली तर स्टुडिओतला कोरस, शाळेत संगीत शिकवणं, चर्चचा किंवा संस्थेचा कॉयर सांभाळणं, अरेंजिंग. सिनेमाच्या संगीतात गोव्याची माणसं एवढी का होती? त्यांना समोरचा कागद बघून वाजवता-गाता येत होतं. ते शिकता येतं, आणि गळा देवदत्त असण्याची अट नाही.

[१७:४५] या आठवड्याचं काम

तीन गोष्टी. एक, रात्री इअरफोन लावून कॉयरची एक रचना ऐका, पण फक्त सगळ्यात खालचा आवाज धरा. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त सगळ्यात वरचा. तिसऱ्यांदा सगळं सोडून द्या. दोन, दोन मित्र गाठा. एकानं सा धरायचा, दुसऱ्यानं प, तिसऱ्यानं ग. तिघांना मिळून दहा सेकंद टिकवता आला तरी मला रेकॉर्ड करून पाठवा. श्वास एकदम घेऊ नका, पाळीनं घ्या, म्हणजे आवाज तुटणार नाही. टाळकरी हे नकळत करतातच. तीन, तुमच्या भागात अशा कार्यक्रमाची जाहिरात दिसली तर फोटो पाठवा. त्या पाच गोष्टी लावून आपण मिळून वाचू.

आणि गावातल्या मंडळात जागा रिकामी असेल तर आधी तिथं उभे राहा. दुसऱ्याचा सूर ऐकत आपला सूर लावायची सवय तिथंच लागते, आणि कुठल्याही कॉयरमध्ये पहिल्या दिवशी तीच तपासतात. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!