सहकारी परप्रांतीय असेल तर...

“निरनिराळ्या प्रांतांतील, धर्मांतील व भाषांतील सहकाऱ्यांसमवेत काम करण्याची वेळ आली, तर आपण कसे वागाल?” नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तितकेच हमखास येते : भारत हा विविधतेने नटलेला देश आहे, विविधतेत एकता हे आपले वैशिष्ट्य आहे, मी सर्वांशी मिळूनमिसळून वागेन. सरावाच्या मुलाखती घेण्याच्या निमित्ताने हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ‘नटलेला’ हा शब्द उच्चारला जाताच पुढचे वाक्य मला पाठ असते. या उत्तरात चूक काहीच नाही. पण त्यात उमेदवार कोठे दिसत नाही, दिसते ती मार्गदर्शन वर्गाची वही.

प्रश्न मात्र पोकळ नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. उरल्या त्या मुख्यतः अशा पदांच्या, जेथे इतरांची रजा, कामाची वाटणी आणि गोपनीय अहवाल उमेदवाराच्या हाती जावयाचे असतात. नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी म्हणून निवडला गेलेला परभणीचा तरुण उद्या पाटण्याच्या शाखेत बसेल. तेथे त्याची वही उपयोगी पडणार नाही.

मध्यंतरी सोलापूरचा एक विद्यार्थी समोर होता. त्यानेही तेच उत्तर दिले. स्वतःचा एखादा अनुभव सांगा, असे म्हणताच तो खाली पाहू लागला. “माझे सारे शिक्षण सोलापुरातच झाले, सर. तसा अनुभव नाही.” ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा बाजारात कानांवर पडतात, जेथील कापडधंदा तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी नावारूपास आणला, तेथला मुलगा हे सांगत होता! घराशेजारी रोज दिसणारी विविधता आपल्याला विविधता वाटत नाही, हेच खरे.

नंतर बाहेर चहा घेताना तो सहज बोलून गेला. पुण्यात अभ्यासासाठी आल्यावर त्याच्या खोलीत लखनौकडचा, वयाने मोठा असा एक विद्यार्थी होता. आमचा सोलापूरकर पहिल्याच दिवशी अदबीने त्याला म्हणाला, “तुम बैठो, मैं पानी लाता हूँ.” त्याच्या मनात मराठीतले आदरार्थी ‘तुम्ही’ होते, ऐकणाऱ्याला मात्र ‘आप’ऐवजी ‘तुम’ ऐकू आले. आठ दिवस अबोला. अखेर यानेच जाऊन विचारले, त्याने कारण सांगितले आणि दोघेही हसले. त्यानंतर हा ‘आप’ म्हणू लागला, आणि तो मराठी माणसाच्या ‘तुम’ने दुखावला जाईनासा झाला.

“अहो, मग हे आत का सांगितले नाही?”

“सर, त्यात चूक माझी होती ना.”

तरुणांना वाटते, मुलाखतीत निर्दोष दिसावयास हवे. वस्तुतः मंडळाला ऐकावयाचे असते ते हेच : गैरसमज कोठे झाला, तो तुमच्या ध्यानात कसा आला आणि नंतर तुम्ही नेमके काय बदललेत. एक खरा, लहानसा प्रसंग या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. ‘मी त्यांच्या ताटात जेवलो’ अशी फुशारकी मात्र नको. तीत उपकाराचा वास येतो. तसेच ‘दाक्षिणात्य हुशार असतात, बंगाली भावनाप्रधान असतात’ ही स्तुतीही नको. माणसाला साच्यात बसवणे स्तुतीनेही होते.

कधी प्रश्न कल्पित प्रसंगाचा असतो. दिवाळीत शाखेतील सगळ्यांनीच रजा मागितली, काय कराल? ज्येष्ठतेने देईन, असे बहुतेक जण सांगतात. परंतु विचारले तर कळेल की, बिहारच्या सहकाऱ्याचा जीव कार्तिक शुद्ध षष्ठीच्या छठपूजेत अडकलेला असतो. दिवाळीला तो खुशीने कामावर थांबेल. मल्याळी सहकाऱ्याला ओणम हवा असेल. कोलकात्यात तर पेच निराळा. आपल्याकडे घट बसलेल्या घरी उपवास चालू असतात, त्याच दिवसांत बंगाली घरांतून मासळी-मटणाची मेजवानी असते. दोन्ही देवीचेच उत्सव. तेथे ‘या दिवसांत तुम्ही हे खाता?’ असे विचारणारा अधिकारी वर्षभर एकटाच जेवेल. रजेचा तक्ता करण्यापूर्वी चार माणसांना विचारून घेईन, एवढे उत्तर पुरेसे आहे.

मुलाखत घेणाऱ्यांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण मीही त्यांच्यातलाच. हा प्रश्न विचारणाऱ्या मंडळावर पुष्कळदा एकाच शहरातली, एकाच प्रकारच्या शाळांतून आलेली माणसे बसलेली असतात. अस्खलित इंग्रजीतून आलेले पोकळ उत्तर त्यांना भारदस्त वाटते आणि अडखळत सांगितलेला खरा अनुभव निसटून जातो. जन्मस्थान वा जात यांवरून सरकारी नोकरीत भेदभाव होऊ नये, असे राज्यघटनेचे १६ वे कलम सांगते. तरीही आडनाव ऐकून गाव आणि जात ताडून पाहण्याची खोड आमच्यापैकी कित्येकांची सुटलेली नाही. एकदा एका तमिळ मुलीला मी स्वतःच तीन वेळा विचारले, “पण आडनाव काय?” तिच्या नावाआधीचे अक्षर वडिलांच्या नावाचे होते, आणि तमिळनाडूत अनेकांना आडनावच नसते. तिने ते शांतपणे समजावून सांगितले. त्यानंतर तिला तो ठरावीक प्रश्न विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.