लेमन तूर आणि लोकशाहीचा कायदा

लातूरच्या बाजार समितीत किंवा नांदेडच्या मोंढ्यात ‘लेमन तूर’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ही तूर म्यानमारची, म्हणजे जुन्या बोलीतल्या ब्रह्मदेशाची. आपल्याकडे पावसाने दगा दिला की डाळगिरण्यांचे लक्ष तिच्या भावाकडे लागते. परंतु ज्या देशातून हा माल येतो, तेथील लोकशाहीसाठी अमेरिकेने केलेल्या कायद्यांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्यांचा संबंध मात्र थेट आपल्या पेढीशी येऊ शकतो.

1 फेब्रुवारी 2021 रोजी म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले आणि आंग सान सू ची यांना अटकेत टाकले. त्याच वर्षी जून महिन्यात भारताने म्यानमारशी करार केला. पाच वर्षे, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापाऱ्यांमार्फत आणण्याचे ठरले. आपल्या ग्राहकाला परवडणारी डाळ मिळावी, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे.

अमेरिकेची वाट निराळी होती. 2003 मध्ये तिने कायदा करून ब्रह्मदेशातील सर्व मालाची आयात बंद केली. परिणामी तेथील कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतील हजारो कामगारांचा, विशेषतः तरुण मुलींचा, रोजगार गेला. सेनाधिकारी मात्र पुढे आठ वर्षे सत्तेवर राहिले. डिसेंबर 2022 मधील नव्या कायद्यात या अनुभवाची जाणीव दिसते. त्यात सरसकट आयातबंदी नाही. अत्याचारास जबाबदार व्यक्ती व लष्कराचे उत्पन्न यांवर निर्बंध, आणि लोकशाहीवादी गटांना शस्त्रांव्यतिरिक्त साहाय्य, असे त्याचे स्वरूप आहे.

जून 2023 मध्ये अमेरिकेने अध्यक्षीय आदेशाच्या आधारे म्यानमारच्या दोन सरकारी बँकांवर निर्बंध घातले. डॉलरमधील व्यवहार बहुधा अमेरिकी बँकेतूनच पूर्ण होतो. त्यामुळे निर्बंधित बँकेकडे डॉलर पाठवणे जवळजवळ अशक्य होते. पुढे जानेवारी 2024 मध्ये डाळींच्या व्यापारासाठी पंजाब नॅशनल बँकेतील विशेष खात्यामार्फत थेट रुपयांत चुकते करण्याची सोय सुरू झाली.

दुसऱ्या देशातील अन्यायाविरुद्ध व्यापाराचे साधन वापरण्यात भारतही मागे नव्हता. दक्षिण आफ्रिकेने भारतीयांच्या जमीनहक्कांवर घाला घालणारा कायदा केला, तेव्हा 17 जुलै 1946 रोजी भारत सरकारने त्या देशाशी व्यापार बंद केला. परदेशस्थ भारतीयांचे खाते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. तेथील आपले हायकमिशनर, अमरावतीचे रामराव देशमुख, परत बोलावले गेले. आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के भाग तिकडे जात असे. ते नुकसान आपण सोसले आणि ही बंदी 1993 पर्यंत टिकली.

या दोन उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. असा कायदा करणाऱ्याने स्वतः किती झीज सोसली, आणि त्याचा मार बंदूकधाऱ्यावर पडला की नांगरधाऱ्यावर, हे पाहावे. म्यानमारची तूर मुख्यतः सगाइंग, मागवे, मंडाले या कोरडवाहू भागांत पिकते. सगाइंग व मागवे येथेच लष्कराला कडवा विरोध होत आहे. तेथील शेतकऱ्याची तूर घेणे बंद केले, तर आपण ज्याच्या बाजूने उभे राहू इच्छितो त्याच्याच ताटातील घास काढून घेतल्यासारखे होईल.

म्हणून अलिप्तही राहता येत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याला सीमेपलीकडील आधाराचे मोल ठाऊक आहे. उमरखेडसारख्या केंद्रांतून नांदेड भागातील लढ्याला बळ मिळाले होते.

आपल्या हातात राहते ते एवढेच, पण ते थोडे नाही. माल विकणारी कंपनी कोणाच्या मालकीची आहे, निर्बंधांच्या यादीत तिचे नाव आहे काय, हे सौद्यापूर्वी दलालाकडून व बँकेकडून लेखी विचारावे. रक्कम अधिकृत मार्गानेच द्यावी. तिसऱ्या देशातील अनोळखी खात्यावर पाठवण्याची सूचना आली तर सौदा सोडावा. चार पैसे स्वस्त मिळालेल्या मालापेक्षा पेढीची पत मोठी, हे आपल्या वाडवडिलांनी वहीत न लिहिताही पाळले होते.